कडुबा मामांच्या शिटीवर

टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की रामकिसन हॉर्न वाजवत नसे. तो नुसता थांबत असे. कडुबा मामा घरातून बाहेर पडून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिल्याशिवाय रिव्हर्स गिअर टाकायचा नाही, असा त्या गल्लीचा नियम होता. हर्सूलच्या पुढच्या त्या वसाहतीत नळ घरोघरी होते, पाणी मात्र टँकरने यायचे. गल्ली पुढे बंद होती. आत गाडी वळवायला जागा नाही आणि पाणी सोडायचा वॉल टँकरच्या मागच्या बाजूला. त्यामुळे टँकर आत येणार तो पाठमोराच, आणि पाठमोरा येणार तो मामांच्या शिटीवर.

मामा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. कंडक्टरने खाली उतरून शिटी मारल्याशिवाय बस मागे घ्यायची नाही, हा तिथला नियम. पुष्कळसे कंडक्टर तो दारात उभ्या उभ्याच उरकतात. मामा मात्र भर पावसात, चिखलात, धोतर-लुगड्यांची गर्दी बाजूला सारून गाडीच्या मागे जाऊन उभे राहत. तुटक तुटक शिट्या म्हणजे येऊ द्या, एक लांब शिटी म्हणजे थांबा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिकिटांचे मशीन आणि चामड्याची बॅग डेपोत जमा केली. शिटी स्वतःच्या पैशाने घेतलेली होती, म्हणून ती घरी आली. "माझ्या शिटीवर एश्टीला कधी चरा पडला नाय," हे वाक्य ते लग्नात, तेराव्याला आणि दवाखान्यात भेटायला गेल्यावरही बोलत. ते खरेही होते.

अडचण एवढीच होती की आता मामांना दिसत नव्हते.

मोतीबिंदू हळूहळू येतो आणि माणसाला बेसावध ठेवतो. पेपरवाल्यांनी शाई कमी केली, असे मामांचे मत झाले. मग बल्बवाल्यांनी उजेड कमी केला. शेजाऱ्याने ताडपत्रीने झाकून ठेवलेल्या मोटारसायकलला त्यांनी एकदा "जयभीम" घातला आणि उत्तर आले नाही म्हणून त्या शेजाऱ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत. मामांना दिसत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होते. पण ज्या माणसाचा सगळा रुबाब गाडीच्या मागे उभे राहण्यात होता, त्याच्या तोंडावर हे म्हणणार कोण? मुलगा प्रणय शेंद्र्याच्या कंपनीत पाळीला जाई, तो बायकोला म्हणाला, "विशाखा, तू सांग." विशाखा म्हणाली, "वडील तुमचे." विषय तिथेच संपला.

रामकिसनच्या हे आधीच ध्यानात आले होते. भिंत वीतभर राहिली तरी मागून शिटी तुटक तुटकच येत होती. पण तोही मामांना मानणारा होता. म्हणून त्याने एक दिवस पाणी सोडता सोडता विशाखाला गाठले.

"वहिनी, एक काम होतं."

"बोला की."

"इंजिनच्या आवाजात मामांची शिटी मला नीट येत नाय वो. तुम्ही कपड्यांच्या दोरीपाशी उभ्या ऱ्हावून जरा हात दाखवत चला. मला आरशात तुम्ही दिसता, मामा नाय दिसत."

"मामांना कळलं तर?"

"तुम्ही कपडे वाळू घाला. मामांना काय कळतंय."

मामांची नजर गेली आहे, एवढे चार शब्द त्याने गिळले. सासऱ्याबद्दल सुनेसमोर असे बोलणे त्याला जमले नाही. विशाखानेही जास्त विचारले नाही. त्या दिवसापासून टँकरच्या वेळी तिचे कपडे वाळत पडू लागले. ती ओला टॉवेल खालीवर झटके तेव्हा टँकर मागे येई. टॉवेल दोरीवर पडला आणि हात वर झाला की थांबे. मागे मामा शिटी मारत उभे. असे बरेच महिने चालले आणि सगळे समाधानी होते.

गल्लीच्या टोकाला नानासाहेबांचे घर होते. शेंद्र्याकडे त्यांची शेती होती. पोरांच्या शाळेसाठी ते शहरात आले आणि त्यांनी दणकट घर बांधले. घराला जेवढा दगड लागला नाही तेवढा गेटच्या दोन खांबांना लागला. खांबांवर काळा ग्रॅनाइट, त्यातल्या एकावर आईच्या नावाची पाटी, 'साळूबाई निवास'. वास्तुशांतीला पाहुणे धूळ तुडवत येऊ नयेत म्हणून नानासाहेबांनी महिनाभर खटपट करून गल्लीचा रस्ता काँक्रीटचा करून घेतला. रस्ता पक्का होईपर्यंत टँकर बाहेरच उभा राही आणि लोक तिथून घागरीने पाणी वाहून नेत.

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी नानासाहेब मामांकडे आले.

"राम राम मामा. उद्या मांडवात आचारी बसणारे. टँकर पार गेटापर्यंत लागंल. जरा जपून घ्या."

मामांना ते झोंबले. "नानासाहेब, म्हैसमाळच्या वळणावर एश्टी मागं घेतलीय मी. समोरून ट्रक आला व्हता. तुमचा खांब तर जागच्या जागी उभाय."

"तसं नाय, मामा. नवा खांबय म्हणून म्हनलं."

"उद्या तुम्ही पूजेला बसा. गाडीचं मी बघतो."

बघण्याबद्दलचे हे आश्वासन ऐकून आत पोळ्या लाटणाऱ्या विशाखाचे लाटणे थांबले. मग तिला रामकिसन आठवला आणि ते पुन्हा चालू झाले.

सकाळी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. मांडवात गुरुजी आले होते. आचाऱ्याने दोन चुली पेटवल्या होत्या आणि पाण्यावाचून तो हात बांधून बसला होता. टँकर आला. मामा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, त्यांनी शिटी तोंडात धरली आणि तुटक तुटक वाजवली. दोरीपाशी विशाखाने टॉवेल झटकायला सुरुवात केली. नव्या रस्त्यावरून टँकर असा काही सुतासारखा मागे आला की रामकिसनलाही बरे वाटले.

मामा उलटे पाऊल टाकत मागे सरकत होते. गेटाशी आल्यावर ते नेहमीसारखे बाजूला झाले. शिटी चालूच होती. टॉवेलही चालूच होता. टँकर थांबण्याचे काही चिन्ह दिसेना. मग खणकन आवाज झाला.

खांब एकदम पडला नाही. आधी तो थोडा कलला, जरा वेळ तसाच राहिला आणि मग 'साळूबाई निवास' या पाटीसकट मांडवाच्या कोपऱ्यावर आडवा झाला. आचारी वेळेवर उठला म्हणून वाचला. त्याच धक्क्यात टँकरचा वॉल तुटला आणि पाण्याचा लोट मांडवात शिरला. पहिली चूल विझली, पाठोपाठ दुसरी विझली. गुरुजींनी पाय वर घेतले आणि पाटावर मांडी घालून मंत्र चालू ठेवले.

मामांची शिटी अजून 'येऊ द्या' सांगत होती. पाण्याचा आवाज कानावर आला तेव्हा त्यांनी ती तोंडातून काढली आणि शांतपणे विचारले, "आज पाणी लवकर सोडलं का, रामकिसन?"

रामकिसन केबिनमधून उतरून आडव्या खांबाकडे बघत राहिला. नानासाहेब सोवळ्यात, हातातली फुले तशीच धरून धावत आले. पण त्यांच्याकडे पाहायला कोणालाच वेळ नव्हता. वाहून चाललेले पाणी बघत उभी राहील अशी माणसे त्या गल्लीत राहत नाहीत. बादल्या आल्या, घागरी आल्या, कुकर आले, एका घरातून धुण्याचे टब आले. तुटलेल्या वॉलखाली रांग लागली आणि रांगेत भांडणही लागले. सगळ्यांत पुढे नानासाहेबांच्या पत्नी मालनबाई होत्या. पूजेची नवीकोरी पितळी घागर त्यांनी धारेखाली धरली होती.

"आगं, खांब पडलाय आपला," नानासाहेब म्हणाले.

"खांब कुठं जातोय," मालनबाई म्हणाल्या, "पाणी जातंय."

वास्तुशांत झाली. जेवणाला उशीर झाला, पण पाहुणे जेवून गेले आणि जाताना प्रत्येकाने आडव्या खांबाची चौकशी केली. शेवटचा पाहुणा गेल्यावर नानासाहेब त्या खांबावरच बसले. त्यांच्यासमोर मामा, विशाखा आणि रामकिसन उभे राहिले. बाकीची गल्ली आपापल्या ओट्यावर बसून होती आणि आपण ऐकत नाही असे दाखवत होती.

"कुणाचं चुकलं, ते मला कळू द्या," नानासाहेब म्हणाले. "मी भांडणार नाय. फक्त सांगा."

"शिटी माझी व्हती," मामा म्हणाले.

"नाय मामा," रामकिसन खाली बघत म्हणाला. "खरं सांगायचं तर मी शिटी ऐकतच नव्हतो. लई दिवस झाले. मी वहिनींच्या हाताकडं बघून गाडी घेतो."

मामांनी मान वळवली. "इशाखा?"

विशाखाचा चेहरा उतरला. "मामा, रामकिसनभाऊ म्हणाले, शिटी ऐकू येत नाही. म्हणून मी तुमची शिटी ऐकून हात दाखवत होते. तुटक वाजली की या, लांब वाजली की थांबा. मागचं बघायला यांचे आरसे आहेतच, असं मला वाटायचं. मला गाडीतलं काय कळतंय? मी तर दोरीकडं तोंड करून उभी असायचे."

"म्हंजे तुम्ही मागं बघतच नव्हता?" रामकिसनचा आवाज एकदम बारीक झाला.

"मागं बघा, असं तुम्ही म्हणलाच नव्हता."

आता राहिले मामा. ओट्यांवरच्या लोकांनी ऐकत नसल्याचे दाखवणे सोडून दिले.

"मला दिसत नाय, नानासाहेब," मामा म्हणाले. "वरीस झालं आसंल. गाडी आली की पांढुरकं कायतरी सरकतंय येवढं कळतं. रामकिसनला आरसे हायत, तो बघतोय, आसं मी धरून चाललो. तो ब्रेक दाबायचा, फुस्स आवाज यायचा, की मी लांब शिटी मारायचो. आज आवाजच आला नाय."

विशाखाला भडभडून आले. एवढे दिवस ती ज्या शिटीवर हात हलवत होती, ती शिटी ब्रेकच्या आवाजावर वाजत होती, आणि ब्रेक तिच्याच हातावर लागत होता. तिघेही एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवून होते. मागे मात्र कोणीच बघत नव्हते.

"पन मग आजवर गाडी थांबत कशी व्हती?" नानासाहेबांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

रामकिसनने गेटाकडे बोट केले. "गटारावर त्यो उंचवटा व्हता ना, तुमच्या गेटाच्या अलीकडं. मागचं चाक त्याला टेकलं की धक्का बसायचा. पाय आपसूक ब्रेकवर जायचा. आन तेवढ्यात वहिनींचा हात वर. मला वाटायचं, वहिनींचा अंदाज लई पक्का."

सगळ्यांनी गेटाच्या अलीकडे पाहिले. तिथे नवाकोरा, गुळगुळीत, सपाट रस्ता होता. उंचवट्याचा मागमूस नव्हता. मग सगळ्यांनी नानासाहेबांकडे पाहिले.

नानासाहेबांनी आपल्या पायांकडे पाहिले. "रस्ता सपाट पायजे, आसं समदेच म्हनत व्हते," ते पुटपुटले. मग जरा सौम्यपणे ते म्हणाले, "मामा, डोळे दाखवून घ्या. आता लई सोपं आपरेशन आसतं."

वर्षभरात अख्ख्या गल्लीत हे वाक्य बोलणारे ते पहिलेच. त्यासाठी त्यांचा एक खांब गेला होता.

मामा घरी आले ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. विशाखा ताट घेऊन बसली.

"मामा, आपरेशनला भ्यायला होतंय का?"

"त्याला कोन भितंय." मग ते म्हणाले, "नोकरी संपली, तुझी सासू गेली. टँकर आला की मानसं मला हाक मारत्यात. ती हाक गेली तर मी सकाळी उठून करू काय?"

विशाखाने ताटातली भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मामांनी जाहीर केले की डोळे नीट होईपर्यंत शिटी तोंडाला लावणार नाही. प्रणयने रजा काढली. सरकारी दवाखान्यात आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तेवढे दिवस टँकर गल्लीच्या तोंडाशीच उभा राहिला. रामकिसनने साफ सांगितले, शिटीशिवाय गाडी मागे घेणार नाही. गल्लीतल्या सांडू भाऊंनी एकदा आपण होऊन "येऊ द्या" केले, तर त्यांच्या जोडीला चार ओट्यांवरून चार जण "थांबा, डावीकडं, उजवीकडं" करू लागले, आणि रामकिसन इंजिन बंद करून चहाला निघून गेला. बायका डोक्यावर घागरी घेऊन गल्ली चढत आणि म्हणत, मामांचे डोळे कधी बरे होतात कोण जाणे. हे मामांच्या कानावर जाई. काळ्या चष्म्याआड त्यांना फार बरे वाटे.

डॉक्टरांनी चष्मा काढायची परवानगी दिली. मामांनी पेपर उघडला, शाई पूर्वीसारखीच होती. झाकलेली मोटारसायकल पाहून त्यांनी शेजाऱ्याला स्वतः चहाला बोलावले. आणि टँकरच्या दिवशी पुन्हा पांढऱ्या शर्टाला इस्त्री झाली.

मामा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. विशाखाने त्या दिवशी कपडे धुतलेच नव्हते. मामांनी शिटी तोंडात धरली आणि पहिली तुटक शिटी वाजवली. टँकर हलला. गल्लीतली दारे धडाधड उघडली.

तो आवाज मामांच्या ओळखीचा होता. शिटी वाजली की दारे उघडतात, माणसे बाहेर येऊन उभी राहतात, हे ते कैक दिवस ऐकत आले होते. त्यामुळे शिटी मारताना त्यांची मान नेहमी ताठ असे. आज ती माणसे त्यांना प्रथमच दिसली. समोरच्या घरातली सुलेखा आपली स्कूटी फरफटत आत नेत होती. कोणीतरी दोन पोरे काखोटीला मारून पायऱ्या चढत होते. मालनबाई वाळवणाची बाज ओढत होत्या. सांडू भाऊ स्वतःच्या भिंतीला दोन्ही हात लावून उभे होते, जणू टँकर आला तर ते भिंतच थोडी मागे घेणार होते. आणि टोकाला नव्याने उभ्या केलेल्या खांबाला चारी बाजूंनी जुन्या गाद्या बांधल्या होत्या आणि त्या गाद्यांना नानासाहेब मिठी मारून उभे होते.

मामांनी लांब शिटी मारली. टँकर थांबला.

मग त्यांनी टँकरची बाजू पाहिली. एका अंगाला भिंत हातभर लांब होती आणि दुसऱ्या अंगाला तेवढीही नव्हती. त्यांनी तुटक शिटी मारली, चाक फिरताच लांब मारली. पुन्हा तुटक, पुन्हा लांब. टँकर आचके देत पाऊलभरही सरकला नाही. शेवटी रामकिसन खाली उतरला.

"मामा, काय झालं?"

"भित लई जवळ हाय."

"रोज इतकीच आसती, मामा."

"रोज?"

"व्हय."

मामांनी गल्लीभर नजर फिरवली. "आन ही मानसं?"

"कोनती?"

"ही दारात उभी ऱ्हायलेली."

रामकिसनने कान खाजवला. "ती... उभी ऱ्हात्यात," तो म्हणाला, आणि चाकाकडे बघू लागला.

मामांना फार वाईट वाटले. मग लाज वाटली. आणि मग, टँकरच्या त्या प्रचंड मागच्या चाकाकडे आणि पायरीवर आईच्या काखेतून डोकावणाऱ्या पोरांकडे पाहताना, आपण वर्षभर डोळे मिटून काय केले, ते त्यांना त्या उन्हात लख्ख दिसले.

"इशाखा," त्यांनी हाक मारली. ती आली. "ही तू धर."

"मामा, आता तर तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय म्हनून तर. दिसत नव्हतं तवर भ्याच वाटत नव्हतं. आता माझ्या हातून व्हायचं नाय."

"पण मला गाडीतलं काय कळतंय?"

"कळंल. माझ्याकडं बघू नको, रामकिसनकडं बघू नको. फकस्त मागं बघ. नड पडली तर हाक मार, मी हाय."

विशाखाने शिटी ओढणीला पुसली आणि टँकरच्या मागे जाऊन उभी राहिली. रामकिसन केबिनमध्ये चढला. मामा आपल्या दाराशी आले. बाहेर त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती त्यांनी उचलून आत ठेवली. मग उंबऱ्यात येऊन, गल्लीतल्या इतरांसारखे, भिंतीला हात लावून ते उभे राहिले.